उंची कशाने मोजावी?

आकाशकंदील जितका उंच, तितका लांबून दिसतो. बिनतारीच्या छंदात एरियललाही मी हाच न्याय लावला. साक्षीला मार्कोनी होताच! १९०१ साली न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर पतंगाने तार चढवून अटलांटिकपारचा संकेत ऐकल्याचे त्याने सांगितले होते.

पुढे पॉल गॉडलेची हकीकत वाचली नि चपापलो. १९२१ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये तंबूत बसून या गृहस्थाने अमेरिकेतील हौशी मंडळींचे संदेश ऐकले. तार १३०० फूट लांब, उंची अवघी १२ फूट!

मीही माझी तार खाली आणली. परदेशची उत्तरेच थांबली! मग उमगले : गॉडलेला ऐकायचे होते, मला बोलायचे होते. ठेंगण्या आडव्या तारेची शक्ती बहुतेक सरळ आकाशात जाते. उंची मोजावी लहरीच्या मापाने : निदान अर्धी लहर. २० मीटरच्या लहरीला १० मीटर.