फुकटच्या इंग्रजीचे मोल

संगणकावर व मोबाइलवर खेळ खेळत इंग्रजी फुकट शिकता येते, हे आता पुष्कळजणींना ठाऊक झाले आहे. कित्येकजणी शिकतही आहेत. परंतु फुकट मिळणाऱ्या वस्तूचे मोल कोणीतरी भरलेले असतेच. या इंग्रजीचे ते कोणी भरले, ही हकिकत मोठी मनोरंजक आहे.

आरंभी ते शिक्षकांनी भरले. 1995 साली इंटरनेट बाल्यावस्थेत असता डेव्ह स्पर्लिंग या अमेरिकन शिक्षकाने ‘डेव्हज् ईएसएल कॅफे’ हे संकेतस्थळ काढले. जपानात शिकवणाऱ्या चार्ल्स केली यांनी ठिकठिकाणच्या शिक्षकांकडून प्रश्नावल्या व शब्दकोडी मिळवून ती सर्वांना विनामूल्य खुली केली. शाळेचे काम आटोपल्यावर रात्री बसून करावयाचा हा उद्योग!

पुढे एका पित्याने निराळीच युक्ती काढली. अमेरिकेतील इंडियाना राज्यातले जॉन ब्रीन यांचा मुलगा कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेसाठी शब्दार्थ पाठ करीत होता. त्याच्यासाठी त्यांनी खेळ रचला व 7 ऑक्टोबर 2007 रोजी ‘फ्री राइस’ या नावाने तो जगाला खुला केला. एक इंग्रजी शब्द, त्याखाली चार अर्थ. बरोबर अर्थ निवडला की भुकेल्यांसाठी तांदळाचे 10 दाणे जमा. चुकले की पुढचा शब्द सोपा येई, ओळीने बरोबर आले की कठीण. दाण्यांचे पैसे पानावरील जाहिरातदार देत. पहिल्या दिवशी जमले अवघे 830 दाणे, म्हणजे आपली मूठसुद्धा भरत नाही! किलोभर तांदळात सुमारे पन्नास हजार दाणे धरले, तर एका किलोसाठी पाच हजार बरोबर उत्तरे हवीत. तरीही जमलेल्या दाण्यांची संख्या पाहता पाहता अब्जांत गेली. मार्च 2009 मध्ये ब्रीन यांनी हे संकेतस्थळ संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला देऊन टाकले.

मात्र हा खेळ मुळात ज्याला इंग्रजी येते त्याच्यासाठी होता, अर्थही इंग्रजीतच. नवशिकीने तेथे प्रथम जाऊ नये, असे मला वाटते. शिवाय शब्द ओळखणे निराळे आणि दुकानात चार माणसांदेखत तो उच्चारणे निराळे. एक गुण मात्र यंत्राचा मानलाच पाहिजे. दहादा चुकले तरी ते हसत नाही. प्रौढ वयात शिकू लागलेल्या बाईला याची किंमत विचारा!

नवशिक्यांची सोय पाहिली ती लुइस फॉन आन यांनी. ते मूळचे मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या गरीब देशाचे. आईने एकटीने वाढवले आणि आपली मिळकत मुलाच्या चांगल्या, इंग्रजी शिक्षणावर खर्च केली. एवढे करूनही अमेरिकेतील शिक्षणासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा देण्यास त्यांना विमानाने शेजारच्या एल साल्वादोर देशात जावे लागले. ज्यांना ही ऐपत नाही त्यांनी काय करावे? या प्रश्नातून त्यांनी सेव्हेरिन हॅकर या आपल्या विद्यार्थ्यासह ‘डुओलिंगो’ उभारले व 2012 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

येथे प्रथम मोल भरावयाचे होते शिकणाऱ्यानेच, पण श्रमाने. शिकता शिकता त्याने खरे लेख भाषांतरित करावेत आणि ती भाषांतरे विकून खर्च भागवावा, अशी योजना. 2013 मध्ये सीएनएन व बझफीड या संस्थांशी तसा करारही झाला. परंतु हा मार्ग पुढे सोडून द्यावा लागला. मग जाहिराती आल्या, वर्गणी आली. 2014 मध्ये घरबसल्या देता येणारी इंग्रजीची चाचणी निघाली, तिचे शुल्क आरंभी 20 डॉलर होते. आज ते त्याहून बरेच वाढले आहे. तेव्हा आता हिशेब असा, की वर्गणी भरणारे व चाचणी देणारे पैसे मोजतात, आणि बाकीचे जाहिराती पाहून फुकट शिकतात.