मोंतायू : चौकशीच्या वहीतलं गाव

दक्षिण फ्रान्समध्ये पिरेनीजच्या डोंगरात मोंतायू नावाचं खेडं आहे. चौदाव्या शतकात वस्ती जेमतेम अडीचशे, बहुतेक मेंढपाळ आणि शेतकरी, बरेचसे निरक्षर. मग त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं कसं? तर बिशप झाक फुर्निएमुळे. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथाचे लोक हुडकायला त्याने १३१८ ते १३२५ चौकशा केल्या, जबान्या लॅटिनमध्ये उतरवल्या. पुढे तो पोप झाला. वही व्हॅटिकनमध्ये टिकली.

तिच्यात सगळं सापडतं. चुलीपाशी काय बोलणं झालं, उन्हात बसून कोणी कोणाच्या उवा काढल्या, मेंढरं हिवाळ्यात कुठे नेली. यावरूनच ल रुआ लादुरी यांनी १९७५ मध्ये ग्रंथ लिहिला.

पण आपण एक विसरायचं नाही. ही गावगप्पा नव्हे. बोलणाऱ्यासमोर तुरुंग होता. शेजाऱ्याचं नाव सांगावं की गिळावं, हा पेच प्रत्येक ओळीमागे आहे.