पिकोलो ट्रंपेट : वापरलेल्या वाद्याचे मूल्यमापन

ट्रंपेट कुळातील सर्वांत लहान आणि सर्वांत उंच पट्टीचे पितळी वाद्य. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रंपेटची नळी सुमारे १४८ सेंमी. लांब असते, पिकोलोची तिच्या निम्मी, सुमारे ७४ सेंमी. त्यामुळे पिकोलो एक सप्तक वर वाजते. माउथपीस ज्या नळीत बसतो तिला लीडपाइप म्हणतात. ही नळी बदलून बहुतेक पिकोलो बी-फ्लॅट आणि ए अशा दोन पट्ट्यांत वाजवता येतात. पिकोलो हे सहसा वादकाचे दुसरे किंवा तिसरे वाद्य असते आणि ठरावीक रचनांपुरतेच पेटीबाहेर येते. म्हणून जुन्या पिकोलोच्या वयावरून त्याची झीज सांगता येत नाही. त्याचे मोल व्हॉल्व्हची स्थिती, संचाचा पूर्णपणा, सुरेलपणा आणि निर्माता यांवरून ठरते. चकाकीला त्यात फारसे स्थान नाही.

ओळख : विक्रीच्या जाहिरातींत पॉकेट ट्रंपेट पुष्कळदा पिकोलो म्हणून खपवला जातो. पॉकेट ट्रंपेट दिसायला लहान असला, तरी त्याची नळी पूर्ण लांबीची, फक्त जास्त वेढे दिलेली असते. तो नेहमीच्याच सप्तकात वाजतो. वेढ्यांची संख्या पाहून किंवा एखादा स्वर वाजवून ही शंका लगेच फिटते.

मागणीची पार्श्वभूमी : बाखने १७२१ मध्ये अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी दुसऱ्यातील ट्रंपेटचा भाग अतिशय उंच स्वरांत आहे. तो मुळात व्हॉल्व्ह नसलेल्या लांब ट्रंपेटसाठी लिहिलेला होता. विसाव्या शतकात अशा बरोक रचना पुन्हा मंचावर आल्या, तेव्हा आडोल्फ शेरबाउम आणि विशेषतः फ्रेंच वादक मोरीस आंद्रे (१९३३–२०१२) यांनी छोट्या ट्रंपेटला एकलवाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. आंद्रे यांच्यामुळे पॅरिसच्या सेल्मर कंपनीचा चार व्हॉल्व्हचा पिकोलो जगभर पोहोचला. त्यानंतर शिकागोच्या शिल्की कंपनीचा पी५-४, जपानी यामाहाचे वायटीआर-९८३० व ९८३५ आणि स्पेनच्या स्टोम्वीची वाद्ये व्यावसायिकांत रुळली. या नावांना जुन्या बाजारातही गिऱ्हाईक मिळते. कॅलिफोर्नियातील कॅन्स्टूल कंपनी २०१९ मध्ये बंद पडली. अशा निर्मात्याचे वाद्य उत्तम असले, तरी त्याचे सुटे भाग कारागिराला घडवावे लागतात आणि तो खर्च मूल्यात धरावा लागतो.

तीन की चार व्हॉल्व्ह : चौथा व्हॉल्व्ह स्वर पाच अर्धस्वरांनी खाली आणतो. त्याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होते. बाख आणि हँडेल यांच्या डी ट्रंपेटसाठीच्या रचना आज पुष्कळदा ए पट्टीच्या पिकोलोवर वाजवतात. तिन्ही व्हॉल्व्ह दाबून हा पिकोलो ई-फ्लॅटपर्यंतच उतरतो, आणि या रचनांत लागणारा खालचा डी नेमका अर्ध्या स्वराने हुकतो. चौथा आणि पहिला व्हॉल्व्ह एकत्र दाबला की तो मिळतो. म्हणूनच एकाच दर्जाच्या दोन वाद्यांत चार व्हॉल्व्हच्या वाद्याला अधिक किंमत येते.

व्हॉल्व्हची तपासणी : दुरुस्तीत सर्वांत महाग पडणारा भाग हाच. पिस्टन झिजला की त्याच्या आणि नळकांड्याच्या फटीतून हवा निसटते. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड झटकन ओढली असता स्पष्ट ‘पॉप’ आवाज यावा. तो न आल्यास गळतीचा संशय घ्यावा. दाट तेल घातल्याने गळती तात्पुरती झाकली जाते, म्हणून पिस्टन पुसून ही चाचणी करतात. पिस्टनवर कोरलेले क्रमांक नळकांड्यांशी जुळतात का आणि चारही पिस्टन त्याच वाद्याचे आहेत का, हेही पाहतात. दुसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडवर साधा धक्का बसला तरी नळकांडे किंचित दबून पिस्टन अडकू शकतो. झिजलेल्या पिस्टनवर धातूचा नवा थर चढवून तो पुन्हा मापात घासता येतो. मात्र असे वाद्य घेताना त्या कामाचा अंदाजखर्च किमतीतून वजा करावा. वर्षानुवर्षे तेलाविना पडून राहिलेल्या वाद्यात झीज कमी, पण गंज आणि रुतलेल्या स्लाइड अधिक आढळतात.

नळी व कर्णा : पितळेतील जस्त निघून गेले की गुलाबी-तांबूस ठिपके उमटतात. ते बहुधा लीडपाइपमध्ये आधी दिसतात. सुटा लीडपाइप बदलता येतो. हीच खूण पक्क्या जोडलेल्या नळीत दिसली, तर घट मोठी धरावी. कर्ण्याच्या काठावरील लहान पोचा काढता येतो आणि आवाजावर त्याचा परिणाम कमी असतो. अरुंद नळीतला तेवढाच पोचा मात्र स्वर बिघडवू शकतो. निखळलेला डाख पुन्हा देणे सोपे असते. वाद्य घासून त्यावर नवा लॅकर चढवलेला असेल, तर कोरीव अक्षरे पुसट होतात आणि पत्रा पातळ होतो. असे चकचकीत वाद्य मूळ मुलामा विटलेल्या वाद्यापेक्षा कमी मोलाचे ठरते.

संच आणि सुरेलपणा : ए पट्टीचा लीडपाइप बी-फ्लॅटच्या लीडपाइपपेक्षा साधारण ४ ते ५ सेंमी. लांब असतो. दोन्हींपैकी एक नसेल, तर वाद्याची निम्मी उपयुक्तता जाते, आणि बंद झालेल्या मॉडेलचा लीडपाइप मिळवणे कठीण असते. लीडपाइपचे तोंड ट्रंपेटच्या माउथपीससाठी आहे की कॉर्नेटच्या अरुंद दांड्याच्या माउथपीससाठी, याची खात्री करावी. पट्टी बदलताना व्हॉल्व्हच्या स्लाइडही थोड्या ओढाव्या लागतात. त्यामुळे त्या मोकळ्या सरकायला हव्यात. शेवटी दोन्ही पट्ट्यांत ट्यूनर लावून सावकाश स्वरावली वाजवतात. नेहमी पिकोलो वाजवणाऱ्याने ही परीक्षा घेतलेली बरी, कारण नवख्याच्या ओठांचा दोष वाद्याच्या माथी मारला जाण्याचा संभव असतो.

किंमत ठरवणे : त्याच मॉडेलची अलीकडे प्रत्यक्ष झालेली विक्री हा पाया मानतात, जाहिरातीत मागितलेली रक्कम नव्हे. त्यातून दुरुस्ती आणि अपुऱ्या भागांचा खर्च वजा होतो. वाद्य परदेशातून मागवल्यास वाहतूक, विमा आणि सीमाशुल्क ग्राहकाच्या हिशेबात मिळवावे लागते. अनुक्रमांकावरून अनेकदा निर्मितीचा काळ कळतो. तो खरवडलेला असल्यास व्यवहार टाळावा.

कीर्तीमुळे वाढणारे मोल वेगळे. १७ जानेवारी १९६७ रोजी डेव्हिड मेसन यांनी बीटल्सच्या ‘पेनी लेन’ या गाण्यासाठी पिकोलो वाजवला. ते वाद्य १९८७ मध्ये सदबीजच्या लिलावात दहा हजार डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. ही किंमत त्या एकाच वाद्याची होती. त्याच बनावटीच्या इतर पिकोलोंना ती लागू होत नाही.