ज्यूकबॉक्सचा ध्वनिवर्धक : दुरुस्ती आणि इतिहास

नाणे टाकताच इच्छित गीत ऐकविणाऱ्या ज्यूकबॉक्सचा इतिहास सामान्यतः करमणुकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो ध्वनिवर्धकाचा इतिहास होय. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका मद्यगृहात लुई ग्लास यांनी नाण्यावर चालणारा फोनोग्राफ मांडला. परंतु त्याचा आवाज कानास लावलेल्या नळ्यांतूनच ऐकू येई. पुढे १९२७ च्या सुमारास व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाने हे एकेकट्याचे श्रवण सार्वजनिक केले. ‘ज्यूक’ हा शब्दही अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील कृष्णवर्णीयांच्या गला बोलीतून आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मुंबईत हे यंत्र इराणी उपाहारगृहांतून रुजले. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारची ख्याती तर त्याच्याशीच निगडित आहे.

अमेरिकन बनावटीच्या अशा यंत्राची दुरुस्ती करताना प्रथम प्रश्न येतो तो विजेचा. तिकडे सुमारे ११७ व्होल्ट व ६० आवर्तने, तर भारतात २३० व्होल्ट व ५० आवर्तने. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात. आवर्तने बदलत नाहीत. परिणामी मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, ४५ फेऱ्यांची तबकडी ३७.५ फेऱ्याच घेते आणि गायकाचा षड्ज मंद्र सप्तकातील शुद्ध धैवतावर उतरतो. हा दोष ध्वनिवर्धकाचा नव्हे, हे ध्यानात न घेतल्यास निर्दोष भाग उगाच उसकटला जातो.

ध्वनिवर्धकात व्हॉल्व्हपेक्षा कंडेन्सर बहुधा आधी निकामी होतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकला की घरघर सुरू होते. दोन टप्प्यांमधील कागदी कंडेन्सर गळू लागला, तर अंतिम व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब पोहोचतो. व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि अखेरीस मूळ ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती उत्पन्न होते. म्हणून अनेक वर्षे बंद असलेल्या यंत्रास एकदम वीज न देता आधी कंडेन्सर बदलणे इष्ट होय. तत्पूर्वी त्यांतील भार उतरविणेही अगत्याचे. कारण वीज तोडल्यावरही तेथे शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

याहून सोपा मार्ग म्हणजे सर्व ध्वनिवर्धक काढून ट्रान्झिस्टरचा नवा बसविणे. तथापि तबकडी केवळ गीत जतन करते. उपाहारगृहातील गिऱ्हाइकांनी ते कोणत्या आवाजात ऐकले, याचा पुरावा जुन्या मंडलातच असतो. पोथीचा संपादक त्रुटित अक्षरे भरतो, संहिता नव्याने रचीत नाही. दुरुस्ती करणाऱ्याची मर्यादाही हीच मानली पाहिजे.