पायरीवरची माणसे

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, तेव्हा एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. सिंहासनावर बसवायला महाराज लागतात एकच. मावळे मात्र जितके मिळतील तितके थोडेच. कोणी तटावर, कोणी दरवाज्यात भाला घेऊन, कोणी अळिवाच्या कोवळ्या रानात दडलेला. महाराज जागचे हलत नाहीत. खेळ जो काही होतो तो मावळ्यांचाच. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांची यादी घेऊन बसलो की मला हा किल्ला दिसू लागतो.

भालजी म्हणजे शिवशाहीचे चित्रपट, असे समीकरण आपल्याकडे कधीचेच रूढ झाले आहे. ते खोटे नाही. पण जरा मथळे वाचून पाहा. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३). एक सरनोबत, एका सरदार घराण्यातली मुलगी, एक हेर, आणि एक अरुंद खिंड. महाराजांचे नाव मथळ्यावर ठसठशीत आले ते १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’त, आणि तेथेही चंद्रकांतांच्या रुबाबदार महाराजांभोवती माणसांची गर्दी केवढी! त्यातला बहिर्जी तर मला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. हेराचे काम असे की, ते चोख झाले तर त्याची खूण मागे राहू नये. अशा माणसाबद्दल कागदपत्रे बोलणार तरी किती? बखरकार ज्याला दोन ओळींत वाटेला लावतात, त्याच्या नावावर अख्खा बोलपट उभा करावासा वाटणे, यात दिग्दर्शकाची दृष्टी दिसते.

आणि ही दृष्टी ऐतिहासिक चित्रांपुरतीच नव्हती. कोल्हापूरचा हा माणूस मूकपटांच्या जमान्यात या धंद्यात आला. १९३२ साली ‘श्यामसुंदर’ काढला, त्यात शाहू मोडक बाळकृष्ण झाले होते आणि शांता आपटे राधा. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. पुढे १९३७ त ‘कान्होपात्रा’. मंगळवेढ्याच्या नायकिणीची ही मुलगी बिदरच्या बादशहाचे बोलावणे नाकारून विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवते, ही कथा सर्वांना ठाऊकच आहे. आमच्या परभणीकरांना ती ऐकताना थोडे अधिक जवळचे वाटते. कारण गंगाखेडची जनाबाई आमची. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी दासी. आणि तिचे धनी नामदेव, ज्यांचे नरसी गाव १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात मोडत होते (आता ते हिंगोलीत गेले), त्यांनी तर पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी मागून घेतली. देव गाभाऱ्यात आणि भक्त पायरीवर, ही आमच्याकडची जुनीच रीत. भालजींनी जन्मभर कॅमेरा बहुधा या पायरीवरच लावला, असे मला वाटते.

अमेरिकेतल्या जॉन फोर्डची इथे आठवण होते. तोही मूकपटांपासूनचा. घोडेस्वार, धुळीचे लोट आणि मॉन्युमेंट व्हॅलीचे ते उंच उभे सुळके ही त्याची ओळख. पण १९४८ च्या ‘फोर्ट अपाची’त त्याचे लक्ष सेनापतीपेक्षा छावणीतल्या शिपायांकडे आणि त्यांच्या बायकांकडे आहे, आणि त्याच फोर्डने १९४० साली देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांवर ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ काढला. दिग्दर्शनाची चार ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली, त्यांतले एकही घोडेस्वारांच्या चित्राला नाही, ही मौजच म्हणायची. फोर्डच्या पाठीशी हॉलिवूडच्या पेढ्या होत्या. भालजींच्या पाठीशी होता कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ.

तो १९४८ साली जळाला. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले, त्यात जयप्रभाही सापडला. ‘मीठ भाकर’चे झालेले काम आगीत गेले. ज्याने उभी हयात साध्या माणसाला पडद्यावर मोठे केले, त्याच्या स्टुडिओला आग लावणारा जमावही साध्या माणसांचाच होता, हे कोणी उघड बोलत नाही. अशा वेळी माणसाचे मन कडवट झाले असते तर त्याला दोष कोणी दिला असता? भालजींनी ‘मीठ भाकर’ पुन्हा चित्रित केला आणि १९४९ त तो लोकांपुढे ठेवला. नाव बदलले नाही. कर्जाने मात्र पाठ सोडली नाही, आणि पुढे स्टुडिओची मालकी लता मंगेशकरांकडे गेली.

त्याच १९४८ च्या सप्टेंबरात आमच्याकडे निजामाची सत्ता संपली. आमच्या वडीलधाऱ्यांची शाळा उर्दूतून झालेली. शिवाजी महाराज त्यांना भेटले ते कीर्तनात आणि पोवाड्यात. मग मराठवाडा १९५६ त मुंबई राज्यात आणि १९६० त महाराष्ट्रात आला. कोल्हापूर नकाशात एका राज्यात आले, तरी मनाने दूरच होते. ते अंतर तोडले ते कायद्याने नव्हे, तंबूने. मनमाड–सिकंदराबाद मीटरगेजवरून फिल्मच्या पेट्या उतरायच्या, तेथून बैलगाडीने किंवा मोटारीने जत्रेच्या गावी जायच्या. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये कनात, आणि बूड टेकायला काळी माती.

अशाच एका तंबूत, १९६७-६८ च्या सुमारास, मी ‘साधी माणसं’ पाहिला. चित्रपट १९६५ चा. आमच्याकडे पोचायला तेवढा वेळ लागायचाच. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांचे लोहार जोडपे, भाता, ऐरण, घण. तलवार नाही, घोडा नाही. माझ्यापुढे आमच्या गावचे लोहार बसले होते. गावभरची विळे-खुरपी शेवटून देणारा आणि खळ्यावर बलुत्यासाठी उभा राहणारा हा माणूस एरवी चारचौघांत पुढे बसत नसे. ऐरणीचे गाणे लागले तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरू लागला. तो गाण्याचा ठेका नव्हता, घणाचा होता. गाणे एका लयीत, हात दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेवर गेलो तर ते म्हणाले, “नटाला घण धरता येत नाही बरं का, मालक. पण बाई भाता बरोबर ओढते.” जयश्रीबाईंच्या कामाची याहून मोलाची पावती मी वाचलेली नाही.

सगळे गोड लिहायचे नाही. भालजींच्या चित्रांत भाषणे लांबतात. संवाद जोरकस खरे, पण पात्र बोलू लागले की कॅमेरा हात जोडून उभा राहतो. बाबूराव पेंटरांच्या किंवा शांतारामांच्या चित्रांतली दृश्याची हुकमत येथे शोधू नये. आणि त्यांचा खान बहुधा एकाच साच्यातून निघालेला असतो: डोळे वटारलेला, हसला की वाईट हसणारा. आमच्या भागात खानसाहेब म्हणजे पडद्यावरचा नव्हे, शेजारच्या वाड्यातला, ईदेला शिरखुर्मा पाठवणारा. त्यामुळे तंबूत टाळ्या पडत तेव्हा आमच्यातले काहीजण चुळबूळ करीत. पायरीवरच्या माणसाला न्याय देणाऱ्या दिग्दर्शकाने तेवढा न्याय पलीकडच्या छावणीतल्या शिपायालाही द्यायला हवा होता, असे मला आजही वाटते.

पण माणसे घडवण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. ‘महारथी कर्ण’ (१९४४) मध्ये पृथ्वीराज कपूर कर्ण झाले (सूतपुत्र म्हणून हिणवलेला कर्णच त्यांनी निवडावा, हेही ओघानेच आले), तर ‘वाल्मिकी’ (१९४६) मध्ये कोवळ्या राज कपूरच्या हाती नारदाची वीणा दिली. चिकोडीकडच्या खडकलाट गावची एक मुलगी जयप्रभात पगारावर कामाला लागली. भालजींनी तिला सुलोचना हे नाव दिले आणि ‘मराठा तितुका मेळवावा’त (१९६४) तीच जिजाऊ झाली. १९६९ च्या ‘तांबडी माती’त दादा कोंडके प्रथम पडद्यावर आले. १९८१ त, ऐंशी ओलांडल्यावर, हा गृहस्थ ‘गनिमी कावा’ दिग्दर्शित करीत होता. १९९१ सालचे दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना मिळाले. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी ते गेले. आत्मकथन मागे ठेवले, त्याचे नाव ‘साधा माणूस’.

‘साधी माणसं’च्या श्रेयनामावलीतली एक गंमत सांगितली पाहिजे. गीतकारांत ‘योगेश’ असे एक नाव आहे. ते स्वतः भालजी. संगीतकार ‘आनंदघन’, त्या लता मंगेशकर. ‘मोहित्यांची मंजुळा’च्या वेळी संगीतकार मिळेना, तेव्हा लताबाईंनी ते काम अंगावर घेतले आणि नाव मात्र निराळे लावले. पुढे ‘साधी माणसं’च्या संगीताला महाराष्ट्र राज्याचे पारितोषिक जाहीर झाले. समारंभात आनंदघन यांचे नाव पुकारले गेले, तरी लताबाई आपल्या खुर्चीत शांत बसून राहिल्या. शेवटी आनंदघन म्हणजे त्याच, हे व्यासपीठावरून सांगावे लागले.