संस्थानी प्रकरणें, देशी वृत्तपत्रें आणि पुराव्याचा प्रश्न
(सातारा १८३९ ते कोल्हापूर १८८२)

पेशवाई बुडाल्यानंतर महाराष्ट्रांत इंग्रजी राज्याची घडण कशी झाली याचा विचार करितांना अभ्यासकाची दृष्टि बहुधा तहनामे, फौजा व जमाबंदी यांवर खिळलेली असते. परंतु १८१८ सालीं लढाया थांबल्या तरी राज्याची घडण थांबली नाहीं. पुढील साठ-पासष्ट वर्षांत मराठी संस्थानांवर इंग्रजांची जी पकड बसली ती चौकशी-मंडळें, रेसिडेंटांचे अहवाल, दत्तकाची मंजुरी किंवा नामंजुरी आणि कारभाऱ्यांच्या नेमणुका यांच्या द्वारें. म्हणजे तरवारीचें काम आतां कागदानें होऊं लागलें. याच काळांत मराठी वृत्तपत्र जन्मास आलें व वाढलें. तेव्हां सरकारच्या कागदाला प्रजेच्या कागदानें कसें तोंड दिलें, आणि त्यांत सत्य कोणाच्या हातीं कितपत लागलें, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखांत सातारा, बडोदें व कोल्हापूर या तीन प्रकरणांच्या आधारें त्याचा थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

१

प्रथम वृत्तपत्रांची स्थिति पाहूं. बाळशास्त्री जांभेकर यांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत निघालें. तें इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत छापलें जात असे. या योजनेंतच त्याचें धोरण दिसून येतें. राज्यकर्त्यांना देशी लोकांचें मनोगत कळावें आणि देशी लोकांना नव्या विद्येची व राज्यव्यवहाराची ओळख व्हावी, असा दुहेरी हेतु त्यांत होता. त्या वेळीं छापखान्यांवर परवान्याचें बंधन होतें. तें १८३५ सालीं मेटकाफच्या कारकीर्दींत उठलें. 'दर्पण' १८४० सालीं बंद पडलें आणि १८४१ सालीं भाऊ महाजन यांचें 'प्रभाकर' निघालें. १८४८ पासून लोकहितवादींचीं पत्रें याच 'प्रभाकरां'त प्रसिद्ध झालीं. १८४९ सालीं पुण्यास 'ज्ञानप्रकाश' सुरू झाला. पुढें १८६२ सालीं 'इंदुप्रकाश' व १८६४ सालीं विश्वनाथ नारायण मंडलीक यांचें 'नेटिव्ह ओपिनियन' हीं मुंबईंत निघालीं. येणेंप्रमाणें सुमारें तीस वर्षांत पुणें-मुंबईंत मतप्रदर्शनाचें एक क्षेत्र तयार झालें. परंतु त्याला बळ येण्यापूर्वींच सातारचा निकाल लागून गेला होता.

२

सातारचें राज्य इंग्रजांनीं १८१९ च्या तहानें प्रतापसिंह छत्रपतींस दिलें. १८३६ सालीं महाराजांवर इंग्रजी पलटणींतील शिपायांस फितविल्याचा आरोप येऊन गुप्त चौकशी झाली. पुढें गोव्याच्या पोर्तुगीजांशीं व नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशीं पत्रव्यवहार केल्याचे आरोप त्यास जोडण्यांत आले. यांतील कांहीं पत्रें बनावट असल्याचें महाराजांच्या पक्षाचें प्रथमपासूनच म्हणणें होतें. महाराजांची मागणी एकच होती : उघड चौकशी करावी आणि पुरावा समोर ठेवावा. ती मान्य झाली नाहीं. गव्हर्नर सर जेम्स कार्नाक १८३९ सालीं साताऱ्यास आले व कबुलीच्या स्वरूपाच्या लेखावर सही केल्यास गादी राहील असें त्यांनीं सुचविलें. महाराजांनीं नकार दिला. सप्टेंबर १८३९ मध्यें ते पदच्युत होऊन काशीस रवाना झाले आणि तेथेंच १८४७ सालीं वारले. त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांस गादीवर बसविण्यांत आलें. पण १८४८ च्या एप्रिलांत तेही वारले. डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें.

या प्रकरणांत लोकमताचा उपयोग करण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. परंतु तें लोकमत इकडचें नव्हतें. रंगो बापूजी १८४० च्या सुमारास विलायतेस जाऊन पोंचले व १८५३ पर्यंत तेथें राहून त्यांनीं धन्याचें गाऱ्हाणें मांडलें. त्यांनीं कागद छापून वांटले, कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत वाद घडवून आणिले आणि जॉर्ज टॉमसन, जोसेफ ह्यूम यांसारख्यांचें साहाय्य मिळविलें. सातारच्या गादीचा निवाडा कावेरीच्या किंवा कृष्णेच्या कांठीं नव्हे, टेम्सच्या कांठीं व्हावयाचा, हें त्यांस पुरतें कळलें होतें. मराठी भाषेंत छापलेल्या अक्षराला त्या वेळीं या राजकारणांत वजन नव्हतें. कारण ज्यांना निकाल फिरवितां येत होता ते तें वाचीत नव्हते, आणि जे वाचीत होते त्यांच्या मताची गणना होत नव्हती.

३

पस्तीस वर्षांनंतर बडोद्याचें प्रकरण झालें त्या वेळीं ही स्थिति पालटली होती. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तारायंत्र व आगगाडी यांमुळें बातमी दोन दिवसांत इलाखाभर पसरूं लागली होती. नोव्हेंबर १८७४ मध्यें रेसिडेंट कर्नल फेर यांनीं आपणांस विषप्रयोग करण्याचा यत्न झाल्याची तक्रार केली आणि मल्हारराव गायकवाडांवर आळ आला. या वेळीं सरकारनें साताऱ्याप्रमाणें दाराआड चौकशी केली नाहीं. सर रिचर्ड कौच यांच्या अध्यक्षतेखालीं सहा जणांचें मंडळ बसलें. तीन युरोपियन आणि तीन देशी, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूनें सार्जंट बॅलंटाइन हे विलायतेहून आले. साक्षी उघड झाल्या आणि वर्तमानपत्रांतून लोकांनीं त्या वाचल्या.

निकालाच्या वेळीं मंडळांत दुफळी झाली. तिघां युरोपियनांनीं आरोप शाबीत मानला, तिघां देशी सभासदांनीं मानला नाहीं. तथापि एप्रिल १८७५ मध्यें मल्हाररावांस पदच्युत करण्यांत आलें, आणि कारण म्हणून विषप्रयोगाऐवजीं त्यांचा सामान्य गैरकारभार पुढें करण्यांत आला. मात्र राज्य खालसा झालें नाहीं. मे १८७५ मध्यें सयाजीरावांस दत्तक देऊन गादी राखण्यांत आली. खालसा न करण्याचें धोरण १८५७ नंतरच ठरलेलें होतें. त्याचें श्रेय वृत्तपत्रांस देणें योग्य होणार नाहीं. वृत्तपत्रांचा खरा लाभ निराळाच आहे. साताऱ्यास पुरावा राजासही दिसला नव्हता. बडोद्यास तो पुण्याच्या पेठांतील वाचकासही दिसला. पुरावा वाचलेला मनुष्य निकालाचीही परीक्षा करूं लागतो. आणि समान पुराव्यावरून देशी व युरोपियन सभासदांचीं मतें बरोबर वर्णाच्या रेषेवर दुभंगलीं, ही गोष्ट कोणत्याही अग्रलेखापेक्षां अधिक बोलकी होती.

सरकारासही ही परीक्षा जाणवली. देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्यास तयार करून अधिकाऱ्यांस पुरविण्याची पद्धत तेव्हां चालू होती. मार्च १८७८ मध्यें लिटनच्या सरकारनें देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा केला. तो इंग्रजी पत्रांस लागू नव्हता. म्हणजे मजकूर तोच असला तरी तो रयतेच्या भाषेंत लिहिणें हेंच धोक्याचें, असें सरकारनें एक प्रकारें कबूल केलें.

४

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरचें प्रकरण पाहिलें पाहिजे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर कोल्हापूरचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखालीं गेला होता. १८६२ च्या तहानें बाबासाहेब महाराजांस अधिकार परत मिळाले. त्यांच्या मागून गादीवर आलेले राजाराम महाराज विलायतेहून परततांना नोव्हेंबर १८७० मध्यें फ्लॉरेन्स येथें वारले. १८७१ सालीं सावंतवाडीकर भोसल्यांच्या घराण्यांतून दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळीं अवघे आठ वर्षांचे होते. साहजिकच कारभार पोलिटिकल एजंट व सरकारनें नेमलेले कारभारी यांच्या हातीं राहिला. महाराज वयांत येण्याच्या सुमारास त्यांस वेड लागल्याचें जाहीर झालें. महाराजांचा छळ होत आहे, वेडाचें निमित्त करून त्यांचा अधिकार हिरावून घेतला जात आहे, असा बोभाटा झाला. आणि कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांच्याकडे लोक बोट दाखवूं लागले.

'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें जानेवारी १८८१ मध्यें निघालीं होतीं. 'केसरी'चे संपादक आगरकर व 'मराठ्या'चे टिळक; दोघेही पंचविशींतले. वर्षअखेरीस त्यांनीं कोल्हापूरचा प्रश्न हातीं घेतला. बर्व्यांनीं लिहिलीं म्हणून कांहीं पत्रें त्यांच्या पाहण्यांत आलीं. त्यांवरून महाराजांच्या जिवाविरुद्धच कट असल्याचें दिसत होतें. त्यांवर विश्वासून लेख लिहिले गेले. बर्व्यांनीं सरकारची परवानगी घेऊन अब्रुनुकसानीची फिर्याद केली. चौकशींत पत्रें बनावट ठरलीं. टिळक-आगरकरांनीं दिलगिरी प्रदर्शित केली, पण बर्व्यांनीं खटला मागें घेतला नाहीं. जुलै १८८२ मध्यें मुंबईच्या हायकोर्टांत दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले. आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें लिहून ठेविली आहे.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, लिटनचा कायदा रिपनच्या कारकीर्दींत जानेवारी १८८२ मध्यें रद्द झाला होता. सरकारनें स्वतः वादी होण्याचें कारण उरलें नव्हतें. दंडविधानांतील अब्रुनुकसानीचें कलम आणि एक देशी कारभारी एवढ्यावर काम भागलें. दुसरी अशी कीं, शिक्षा झाल्यानें संपादकांची पत गेली नाहीं, उलट वाढली. खटल्याच्या वेळीं जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक मंडळींतील रामशेठ उरवणे यांनीं दहा हजारांचा जामीन दिला, आणि सुटकेनंतर मुंबईंत व पुण्यास दोघांचे सत्कार झाले. कोर्टाचा निवाडा एक आणि लोकांचा दुसरा, असा प्रकार या प्रकरणांत स्पष्ट दिसतो.

५

मग लोकांचा निवाडा चुकला काय? याचें उत्तर देतांना दोन प्रश्न वेगळे ठेविले पाहिजेत. बर्व्यांनीं तीं पत्रें लिहिलीं काय, हा पहिला. त्याचा निकाल लागला आहे आणि तो वृत्तपत्रांविरुद्ध आहे. केवळ भावना शुद्ध होती म्हणून बनावट कागद खरा होत नाहीं, व एका मनुष्यावर खुनाच्या कटाचा आळ घेणें ही लहान गोष्ट नव्हे. महाराजांस योग्य रीतीनें वागविलें जात होतें काय, हा दुसरा प्रश्न. तो कोर्टापुढें नव्हता आणि कोर्टानें सोडविलाही नाहीं. त्याचें उत्तर अहमदनगरच्या किल्ल्यांतून आलें. तेथें ठेविलेले शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजीं ग्रीन नांवाच्या इंग्रज सोल्जर रखवालदाराशीं झालेल्या झटापटींत मरण पावले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. एका छत्रपतीच्या देखभालीसाठीं पलटणीचा सोल्जर नेमावा, यावरूनच ती देखभाल कोणत्या जातीची होती हें कळून येतें. या मृत्यूनें पत्रें खरीं ठरत नाहींत. पण लोकांची चिंता निराधार नव्हती, एवढें खास ठरतें.

सातारा व कोल्हापूर हीं प्रकरणें समोरासमोर ठेविलीं म्हणजे एक विलक्षण साम्य नजरेस येतें. दोहोंतही संशयास्पद पत्रें आहेत. साताऱ्यास त्यांवर सरकारनें विसंबून एका राजाची गादी काढून घेतली. त्या पत्रांची कोणत्याही कोर्टांत उलटतपासणी झाली नाहीं व त्यांवर विसंबणाऱ्यास शिक्षा झाली नाहीं. कोल्हापुरास त्यांवर संपादक विसंबले. पत्रांची कसून परीक्षा झाली व संपादक तुरुंगांत गेले. पुराव्याचा काटा एकच, पण तो प्रजेसाठीं होता, राज्यकर्त्यांसाठीं नव्हता.

आणखी एक मर्यादा सांगणें प्राप्त आहे. ज्यास आपण येथें लोकमत म्हटलें तें मुख्यतः पुणें-मुंबईच्या शिकलेल्या वर्गाचें मत होय. 'दीनबंधु' १८७७ पासून निघत होता आणि त्याचा वाचक व त्याचीं दुःखें निराळीं होतीं. १८८२ सालीं छत्रपतींच्या गादीसाठीं हे दोन्ही वर्ग एकत्र आलेले दिसतात. परंतु त्याच गादीवर १८९४ सालीं अधिकारारूढ झालेले शाहू महाराज आणि 'केसरी' यांच्यामध्यें वेदोक्ताच्या वादांत जें वितुष्ट आलें, त्यावरून ती एकी किती अल्पकाळ टिकली हें दिसून येतें. तेव्हां एका पत्राच्या मतास सबंध महाराष्ट्राचें मत समजणें इतिहासकारास परवडणारें नाहीं.

सारांश, वृत्तपत्र हें इतिहासाचें साधन म्हणून घेतांना त्याची साक्ष दोन प्रकारची मानावी. घडलेल्या गोष्टीविषयींची साक्ष दुय्यम असून ती दप्तराशीं, खटल्याच्या कागदांशीं ताडून घ्यावी. लोकांस काय वाटत होतें याविषयींची साक्ष मात्र प्रथम प्रतीची आहे, आणि ती सरकारी दप्तरांत मिळत नाहीं. साप्ताहिक सारांशांवर भिस्त ठेवणाऱ्यानेंही सावध असावें. ते सरकारास काय ऐकावयाचें होतें हें सांगतात, संपादकानें काय लिहिलें होतें हें पुरतेपणीं सांगत नाहींत. मूळ अंक जेथें मिळतील तेथें तेच पाहिले पाहिजेत. जुन्या वर्तमानपत्रांचा कागद पोथीच्या कागदापेक्षां फार लौकर जीर्ण होतो. बखरी व फर्मानें जपण्यासाठीं जी तळमळ आपण दाखवितों तिचा कांहीं अंश या ठिसूळ अंकांच्या वांट्यास आला नाहीं, तर एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्राविषयीं सरकारचेंच म्हणणें शिल्लक राहील आणि प्रजेचें म्हणणें, खरें असो वा चुकलेलें असो, नाहींसें होईल.