लष्करशहांचा वायू आणि भागधारकांचे प्रश्न

कंपनीचा वार्षिक अहवाल हाती पडला की बहुतेक भागधारक लाभांशाचा आकडा तेवढा पाहतात आणि अहवाल रद्दीत टाकतात. आपला पैसा कोणत्या देशात, कोणाच्या भागीदारीत आणि कोणाच्या बंदुकीच्या पहाऱ्यात गुंतला आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न वेळीच न विचारल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे म्यानमारमधील यादाना वायू प्रकल्प.

म्यानमारमध्ये १९६२ साली लष्कराने सत्ता बळकावली. १९८८ चा लोकउठाव रक्तपाताने दडपण्यात आला. १९९० च्या निवडणुकीत आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या, तरीही लष्कराने सत्ता सोडली नाही. तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट होता, म्हणून परदेशी कंपन्यांना दारे उघडण्यात आली. अंदमान समुद्रातील वायूसाठी फ्रान्सच्या टोटल कंपनीने १९९२ मध्ये करार केला. पाठोपाठ अमेरिकेची युनोकल आली. टोटल ३१.२४ टक्के, युनोकल २८.२६ टक्के, थायलंडची पीटीटीईपी २५.५ टक्के आणि म्यानमारचे सरकारी तेल-वायू महामंडळ १५ टक्के अशी वाटणी ठरली.

वाहिनी दक्षिण म्यानमारच्या जंगलातून थायलंडला जात होती आणि तिच्या संरक्षणाला लष्कर होते. सैनिकांनी गावकऱ्यांकडून वेठबिगारी करून घेतली, बलात्कार आणि हत्या केल्या, असा आरोप करीत काही गावकऱ्यांनी १९९६ मध्ये युनोकलविरुद्ध लॉस एंजलिसच्या न्यायालयात दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. दावा २००५ मध्ये तडजोडीने मिटला. रक्कम गुप्त ठेवण्यात आली. त्याच वर्षी टोटलनेही फ्रान्समधील अशाच प्रकरणात ५२ लाख युरोंच्या निधीस मान्यता देऊन तडजोड केली.

छोट्या भागधारकाचे हत्यार

अमेरिकेतील कायद्यानुसार ठरावीक रकमेचे शेअर ठरावीक काळ बाळगणारा भागधारक ५०० शब्दांपर्यंतचा ठराव सभेपुढे मांडू शकतो. पूर्वी त्यासाठी वर्षभर बाळगलेले २,००० डॉलरचे शेअर पुरत. २०२० मध्ये ही अट कडक झाली. असे ठराव क्वचितच मंजूर होतात. तथापि सबळ कारणाशिवाय कंपनीला ठराव वगळता येत नाही. तो छापून सर्व भागधारकांकडे पाठवावा लागतो आणि संचालक मंडळाला लेखी भूमिका घ्यावी लागते. एपिस्कोपल चर्चने १९७१ मध्ये जनरल मोटर्सपुढे दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडण्याचा ठराव मांडला, तेव्हा तो सहज फेटाळला गेला. पंधरा वर्षांनी, १९८६ मध्ये, कंपनीने तेथून निघण्याची घोषणा केली. म्यानमारच्या बाबतीत पेप्सी १९९७ मध्ये बाहेर पडली, त्यामागे विद्यार्थ्यांच्या बहिष्काराबरोबर भागधारकांचा रेटाही होता.

प्रश्न कोणता विचारावा, हेही महत्त्वाचे आहे. ‘मानवाधिकारांबाबत आपले धोरण काय?’ असे विचारल्यास चकचकीत कागदावरचे गुळगुळीत उत्तर मिळते. पैसा नेमका कोणत्या खात्यात जातो, हे विचारणे अधिक फलदायी. म्यानमारचा अधिकृत विनिमय दर २०१२ पर्यंत डॉलरला सुमारे ६ क्याट होता. खुल्या बाजारात मात्र २००८-०९ च्या सुमारास डॉलरला हजार क्याटच्या आसपास मोजावे लागत. वायूचे उत्पन्न अधिकृत दराने नोंदवले जाई. म्हणजे दहा लाख डॉलर सरकारी हिशेबात ६० लाख क्याट दिसत, प्रत्यक्षात त्यांचे मोल १०० कोटी क्याट होते. मधली रक्कम अंदाजपत्रकातून गायबच! भागीदार कोण, जमीन कोणाची, पहारा कोणाचा, आणि बाहेर पडायचे झाल्यास करारात कोणती तरतूद आहे, हे प्रश्नही याच जातीचे.

‘आम्ही गेलो तर आमच्याहून वाईट कोणी येईल,’ हा कंपन्यांचा नेहमीचा युक्तिवाद. तो पूर्णतः खोटा नाही. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर टोटल आणि शेव्हरॉन (२००५ मध्ये तिने युनोकल विकत घेतली होती) यांनी जानेवारी २०२२ मध्ये निर्गमनाची घोषणा केली. टोटल त्याच वर्षी, तर शेव्हरॉन २०२४ मध्ये बाहेर पडली. त्यांचा हिस्सा अखेर उरलेल्या भागीदारांकडे गेला आणि त्यांत लष्कराच्या ताब्यातील महामंडळही होते. वायू वाहतच राहिला. समुद्रात नळ टाकून झाल्यावर विचारलेला प्रश्न उशिराचा ठरतो तो असा. करारावर सह्या होण्यापूर्वीच्या सभांतच तो विचारायला हवा होता.

मुंबईचे जुने नाते

हा विषय मुंबईकरांना परका नाही. १८६३ मध्ये येथे स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागवानाच्या वादात झालेला दंड हेच ब्रिटिशांनी १८८५ च्या युद्धाचे निमित्त केले आणि थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवले. अलीकडच्या काळात श्वे वायूक्षेत्रात ओएनजीसी विदेशने १७ टक्के आणि गेलने ८.५ टक्के हिस्सा घेतला. अदानी पोर्ट्सने यांगूनमध्ये लष्कराच्या कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर बंदर उभारण्याचे काम हाती घेतले होते. नॉर्वेच्या केएलपी या निवृत्तिवेतन निधीने त्यामुळे २०२१ मध्ये कंपनीतील आपली गुंतवणूक काढून घेतली. कंपनीने २०२३ मध्ये हा प्रकल्प ३ कोटी डॉलरला विकला.

भारतात ठराव मांडण्याची वाट अरुंद आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार त्यासाठी साधारणतः एक दशांश मताधिकार लागतो. सरकारी कंपन्यांत तर सरकारचाच हिस्सा निर्णायक असतो. सभेत प्रश्न विचारण्यास मात्र एक शेअरही पुरतो. म्युच्युअल फंडांद्वारे गुंतवणूक करणाऱ्यांसाठीही एक खिडकी उघडी आहे. एप्रिल २०२२ पासून सेबीने फंडांना सर्व ठरावांवर मतदान बंधनकारक केले असून, कोणत्या ठरावावर कसे मत दिले याचा तपशील फंडाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. दूरदृश्य प्रणालीने होणाऱ्या सभांत बोलण्यासाठी भागधारकाला आधी नाव नोंदवावे लागते. त्याची मुदत सभेच्या सूचनापत्रात दिलेली असते.